खुर्ची भरली, सेवा झाली

मित्रांनो, मला जुनी म्हणा, डुगडुगती म्हणा, एका हाताने अधू म्हणा, मी रागावणार नाही. फक्त मला बाक म्हणू नका. मी खुर्ची आहे. मला पाठ आहे, दोन हात आहेत आणि एके काळी गुबगुबीत हिरवी गादीही होती. गादी आता पार सपाट झाली आहे, पण म्हणून काही मी बाक झाले नाही. आणि तरीही आज मी व्हरांड्यात त्या बाकाला अगदी चिकटून उभी आहे. ही वेळ माझ्यावर कशी आली ते सांगते. ऐकताना मध्येच त्याची बाजू घेऊ नका म्हणजे झाले.

आम्ही सख्खी भावंडे. एकाच ओंडक्यातून एकाच सुताराने आम्हाला घडवले. लांबलचक, सरळ फळ्या त्याने बाकाला दिल्या आणि उरलेल्या तुकड्यांतून मला केले. माझा हेवा तिथेच सुरू झाला. पण पॉलिशचा शेवटचा हात फिरवताना सुतार आपल्या बायकोला म्हणाला, "बाकावर काय, कुणीही टेकतं. हिच्यात बसणारा मात्र आधी कपडे झटकेल, मग बसेल." हे वाक्य मी काळजात जपून ठेवले. बाकानेही ऐकले असणार. तो काही बोलला नाही. तो कधीच काही बोलत नाही, हीच त्याची लबाडी.

आमची दोघांची रवानगी एका रोजगार कार्यालयात झाली. त्या कार्यालयाला दोन दारे होती. एका दाराने काम मागणारे येत, दुसऱ्याने काम देणारे. काम मागणाऱ्यांसाठी व्हरांड्यात बाक ठेवला. काम देणाऱ्यांसाठी आतल्या लहानशा खोलीत मला ठेवले. दारावर पाटी लागली, 'मालक सेवा कक्ष'. डोक्यावर पंखा, समोर टेबल, खिडकीला पडदा. बाकाच्या डोक्यावर काय होते? पत्रा. पहिले काही दिवस मी फार सुखात होते.

टेबलापलीकडे एक गृहस्थ बसत. सगळे त्यांना मोजणीमास्तर म्हणत. कोणत्या मालकाला कार्यालयाने कोणती सेवा दिली, हे मोजून दर महिन्याला वरिष्ठ कार्यालयाला अहवाल पाठवणे हे त्यांचे काम. कुणाला माणसे पुरवली, कुणाच्या माणसांना शिकवण्याची सोय केली, कुणाला कामगारांचे नियम समजावून सांगितले, असे वेगवेगळे रकाने असत. आणि त्या मोजणीचा एक नियम मास्तरांनी स्वतःच घालून घेतला होता. मालक येऊन माझ्यात बसला, त्याने समोरासमोर सेवा घेतली, तरच ती मोजायची. "खुर्ची भरली, सेवा झाली," असे ते म्हणत. खुर्ची रिकामी तर रकाना रिकामा.

हा नियम त्यांनी उगाच केला नव्हता. त्यांच्या आधी त्या टेबलावर एक गोड गळ्याचे गृहस्थ होते. ते दिवसभर फोन फिरवत, "काय मालक, बरं आहे ना?" एवढे विचारत आणि फोन ठेवला की अहवालात एक सेवा मांडत. त्यांच्या अहवालात सेवांचा नुसता सुकाळ होता. मग तपासणी झाली. तेव्हा कळले की ज्या छापखान्याला ते महिनोन्महिने सेवा देत होते तो कधीच बंद पडला होता, आणि फोन उचलत होत्या त्या जागेत राहायला आलेल्या एक आजी. त्यांना बिचाऱ्यांना वाटे, कोण हा गुणी मुलगा, किती आपुलकीने चौकशी करतो! गोड गळा घरी गेला. पण त्याच्या हाताखाली असलेल्या मास्तरांनाही सगळ्यांसमोर बोलणी खावी लागली. त्या दिवसापासून त्यांनी कानाला खडा लावला. डोळ्यांनी पाहीन तेच मोजीन.

म्हणजे मित्रांनो, त्या कार्यालयाचे माप मीच होते! तपासणीचे साहेब यायचे आणि म्हणायचे, "तुमचा अहवाल म्हणजे चोख काम." मास्तर लाजून माझ्याकडे बघायचे. मी आणखी ताठ व्हायचे.

मग मी सुखी होते का? नव्हते. कारण व्हरांड्यात तो होता ना. नोकरी लागली की लोक पुन्हा येत, ते बाकाकडे. "याच्यावरच बसलो होतो बघ," असे बायकोला दाखवत. त्याच्यावर हात फिरवत. कुणी तर त्याच्यासोबत फोटोही काढला. आणि माझ्याकडे? मालक लोक काम झाले की मला मागे ढकलून निघून जात. माझ्या पायांचा करकर आवाज व्हायचा, तेवढाच काय तो निरोप. मी पडद्याच्या फटीतून हे पाहायचे आणि माझा जळफळाट व्हायचा. मला गादी होती, पंखा होता, तरी लोकांचा जीव त्याच्यावर! असे काय होते त्या फळकुटात?

अशी वर्षे गेली. मग आमच्या कक्षात एक नव्या अधिकारी आल्या. सगळे त्यांना ताई म्हणू लागले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मास्तरांना विचारले, "काका, मालक इथे फार कमी येतात, नाही?"

"येतात त्यांना आपण सेवा देतो," मास्तर म्हणाले.

"अहो, पण ज्याच्याकडे माणसंच कमी आहेत, तो दुकान टाकून इथे येईल कसा? आपण जायला हवं."

आणि ताई निघाल्या. त्यांच्या स्कूटरवर एक घडीचे स्टूल होते. कारखान्यांत, कोठारांत बसायला धड जागा नसते, म्हणून त्यांनी ते घेतले. चार पातळ नळ्या आणि वर कापडाचा एक तुकडा, बस्स. त्याला ना पाठ, ना हात, ना वजन. मित्रांनो, बाकाचा हेवा मी समजू शकते, तो निदान माझ्या रक्ताचा आहे. पण हे उपटसुंभ स्टूल! संध्याकाळी ते परत यायचे तेव्हा कधी त्याला साबणाचा वास असायचा, कधी ओल्या रंगाचा. कधी त्याच्या कापडावर लोखंडाचा बारीक कीस चमकायचा. दिवसभर गावभर हिंडून आल्याची मिजास त्याच्या नळ्यानळ्यांतून दिसायची. ताई त्याला माझ्या पाठीला टेकवून ठेवत. म्हणजे हिंडायचे त्याने आणि आधार द्यायचा मी.

ताई पुष्कळ काम करत होत्या, हे मला कळत होते. फोनवर त्यांचे बोलणे ऐकू येई. लाँड्रीला इस्त्रीची माणसे मिळाली. स्प्रिंगच्या कारखान्यात काही बिकट झाले होते, तिथे त्या पुन्हा पुन्हा जात. पण महिन्याच्या शेवटी मास्तर अहवाल लिहायला बसले की पेन थांबे.

"ताई, तुम्ही गेला असाल. पण मी पाहिलेलं नाही."

"म्हणजे मी खोटं सांगते का?"

"तसं नाही हो. पण फोनवाले पण खरंच फोन करायचे. सही माझी आहे, मी न पाहिलेलं लिहिणार नाही."

अहवालात पुन्हा तेवढेच मालक मांडले जात, जेवढे माझ्यात येऊन बसले. आणि ते तर दिवसेंदिवस कमीच होत होते, कारण आता ताईच सगळीकडे पोचत होत्या. मला मनातून गुदगुल्या होत. हिंड म्हणावे स्टुला, हवे तेवढे हिंड. तुझ्यावर बसून दिलेली एकही सेवा कागदावर येत नाही.

माझा हा आनंद साहेबांनी घालवला. ते तपासणीला आले, माझ्यातच बसले आणि त्यांनी वर्षभराचे अहवाल समोर घेतले. "चोख आहेत," ते म्हणाले, "पण रिकामे आहेत. इतक्या थोड्या मालकांसाठी अख्खा कक्ष कशाला हवा? पुढच्या अहवालात फरक दिसला नाही, तर हा कक्ष बंद. ताईंची बदली दुसऱ्या गावी. मास्तर बाहेरच्या खिडकीवर बसतील." मग उठता उठता त्यांनी माझ्या हातावर थाप मारली. "आणि हे सामान अडगळीत टाका. बाहेरचा बाक असू द्या, तो लागतो."

बाक असू द्या! मला अडगळ आणि त्याला व्हरांडा! माझा नुसता तिळपापड झाला.

साहेब निघून गेले. ताईंच्या घरी अंथरुणाला खिळलेली आई होती. तिला घेऊन नव्या गावी जाणे त्यांना जमणार नव्हते. पण त्या त्याबद्दल बोलल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "काका, स्प्रिंगवाल्या मालकांचं अजून अर्धं काम बाकी आहे. कक्ष बंद झाला तर त्यांच्याकडे कोण जाणार?"

मास्तर अहवाल गोळा करत म्हणाले, "मला कळत नाही का? पण मी काय करू? मला खुर्चीत बसलेला माणूस दाखवा, मी लगेच मोजतो."

ताईंनी माझ्याकडे पाहिले. मग मास्तरांकडे पाहिले. "माणूस खुर्चीकडे येत नाही ना? ठीक आहे. मग खुर्ची माणसाकडे जाईल."

मास्तर आधी हसले. मग त्यांच्या लक्षात आले की ताई हसत नाहीत. त्यांनी चष्मा पुसला आणि जरा विचार केला. "नियमात तर बसतं," ते हळूच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी लाँड्रीचा टेम्पो दारात आला आणि धुतलेल्या चादरींच्या गाठोड्यांमध्ये मला दोरीने आवळून बांधले. पुढे मास्तर बसले, मागून ताईंची स्कूटर. मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा मी रस्ता पाहिला. लोक थांबून माझ्याकडे बघत होते. मी मागे वळून स्कूटरवरच्या स्टुलाकडे पाहिले. कसे वाटते रे आता? एका वळणावर टेम्पोने असा हिसका दिला की माझा उजवा हात खिळ्यातून निघाला, पण त्या आनंदात मला त्याचे काहीच वाटले नाही.

लाँड्रीत सगळीकडे वाफ होती. लाँड्रीवाल्या काकू फार मोठ्या आवाजाच्या. मशीनच्या घरघरीवरही त्यांचे हसणे ऐकू आले. "अगं बाई! लोक पाहुण्यांना घरी नेतात, तुम्ही खुर्चीलाच पाहुणी म्हणून घेऊन आलात?"

"तुम्ही हिच्यात बसा," मास्तर गंभीरपणे म्हणाले. "मग मी विचारतो."

"बसते बाई. बसायला कुणी सांगत नाही मला इथे." काकू हात पुसून धपकन बसल्या. "विचारा पटापटा, चादरी निघतील आता. ताईंनी माणसं दिली का? दिली. कामाची आहेत का? तो बघा, तो इस्त्रीवाला, आणि त्या टोकाच्या दोघी. टिकलीत. म्हणून तर आणखी दोन पाहिजेत मला."

"आणखी मागणी?" मास्तरांनी मान वर केली. "म्हणजे हे परत आलेल्या मालकांच्या रकान्यात."

"मी कुठेही आलेली नाही, इथेच आहे," काकू म्हणाल्या. "पण लिहा तुम्हाला काय लिहायचं ते."

तेवढ्यात तो इस्त्रीवाला जवळ आला. त्याने मला नीट निरखून पाहिले. माझी छाती फुगली. "ही आपल्या ऑफिसातली ना?" त्याने मास्तरांना विचारले. "मग बाहेरचा तो बाक आहे का हो अजून? माझ्या पडत्या काळातला सोबती आहे तो."

वाफेने मी पार भिजले होते म्हणून, नाहीतर मी तिथेच पेटले असते.

तिथून आम्ही स्प्रिंगच्या कारखान्यात गेलो. तिथे घरघर नव्हती. निम्मी यंत्रे कापड टाकून झाकलेली होती. मालक वयस्क, किडकिडीत. ते माझ्यात अगदी कडेला बसले, जणू मी त्यांच्यासाठी नाहीच. मास्तरांनी विचारले, "तुम्हाला कोणती सेवा मिळाली?"

मालक झाकलेल्या यंत्रांकडे बघत म्हणाले, "माझं मोठं गिऱ्हाईक गेलं. माणसं कमी करावी लागणार होती. माझ्या वडिलांच्या वेळचे लोक हो, त्यांच्या घरी मी जेवलोय. त्यांना कसं सांगू हेच कळेना. ताई आल्या, इथेच त्या स्टुलावर बसल्या. एकेकाशी बोलल्या. मी कुणाला काढायच्या आधीच त्यांनी तिघांना दुसरीकडे काम बघून दिलं. अजून तिघं राहिलेत." त्यांनी डोळे टिपले. "नाहीतर मला रस्त्यात तोंड दाखवायला जागा नव्हती."

मास्तरांचे पेन कागदावर टेकले होते, पण चालत नव्हते. "ताई, हे कोणत्या रकान्यात?"

"कपातीच्या वेळची मदत."

"असा रकाना आहे?"

"शेवटून दुसरा. तुम्ही तो कधी भरलाच नाही काका. अशी वेळ आलेला माणूस ऑफिसात येऊन खुर्चीत बसत नाही."

मास्तरांनी तो रकाना शोधला आणि सावकाश भरला. मग ते एका झाकलेल्या यंत्रापाशी जाऊन उगाच उभे राहिले. मला त्या क्षणी माझे माप फार लहान वाटले. पण फार वेळ नाही, कारण परत निघताना ताईंनी ते स्टूल हळुवार पुसले आणि मला दोघांनी उचलून नुसते टेम्पोत लोटले.

पुढचे काही दिवस मी अशीच हिंडले. अहवाल गेला. साहेब तो घेऊन स्वतः आले. "एकदम एवढ्या सेवा?" त्यांच्या कपाळावर आठ्या होत्या. "पुन्हा फोनवाल्याचा प्रकार तर नाही ना?"

मास्तर उठून उभे राहिले. "साहेब, मी पाहिलंय."

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिले. इतकी वर्षे ज्या माणसाने न पाहिलेले एक अक्षरही लिहिले नाही, तो सांगत होता. साहेबांनी अहवाल मिटला. कक्ष राहिला. ताई राहिल्या. स्प्रिंगवाल्यांची उरलेली माणसेही कामाला लागली.

आता तुम्हाला वाटेल, माझा सत्कार झाला असेल. छे! मास्तरांना बाहेर जायची अशी काही गोडी लागली की विचारू नका. आता ते ताईंबरोबर रोज निघू लागले. आणि बसतात कशावर, माहीत आहे? त्यांनी स्वतःसाठी तसलेच एक घडीचे स्टूल आणले! मालक जिथे भेटेल तिथे सेवा, आणि जिथे सेवा तिथेच मोजणी. माप म्हणून माझी गरज संपली. हात निखळलेली खुर्ची खोलीत बरी दिसत नाही म्हणून कुणीतरी मला उचलले आणि व्हरांड्यात आणून ठेवले. बाकाशेजारी. तो काही बोलला नाही. जरा सरकला असता तर काय बिघडले असते, पण तेही नाही.

मी रुसून बसले. माझ्यात कुणी बसतही नव्हते. काम मागायला आलेले लोक माझी गादी बघून बिचकत आणि दाटीवाटीने बाकावरच बसत.

मग एका दुपारी लाँड्रीवाल्या काकू आल्या. त्या खरोखरच दारातून आल्या, त्यांचा टेम्पो रस्त्यात खोळंबला होता म्हणून. खोलीला कुलूप. ताई आणि मास्तर कुठल्याशा कारखान्यात गेलेले. काकूंनी इकडेतिकडे पाहिले आणि मला ओळखले. "अगं, तू इथे होय?" असे म्हणून त्यांनी पदराने माझी गादी झटकली आणि बसल्या. सुताराचे बोलणे मला आठवले, आणि माझे सांधेच ढिले झाले.

बाकाच्या टोकाला एक बाई बसली होती. चप्पल झिजलेली, पिशवी छातीशी धरलेली. काकूंना गप्प बसवते कुठे? "कशाचं काम बघतेस गं?"

"कसलंही चालेल. शिवण येतं मला. फाटलेलं रफू करते, कळत पण नाही कुठे फाटलं होतं."

"खरं? माझ्याकडे ढीग पडलाय फाटक्या चादरींचा. वाफ सोसेल?"

"घरी बसणं सोसत नाही हो, काकू. वाफेचं काय!"

दोघी माझ्यावर आणि बाकावर, एकमेकींकडे वळून बोलत राहिल्या. मास्तर परत आले तेव्हा सगळे ठरूनही गेले होते. त्यांनी पाहिले, खुर्ची भरलेली. जुनी सवय, हात खिशातल्या पेनाकडे गेला. पण सेवा द्यायला आत तर कुणी नव्हते.

"काकू," ते गोंधळून म्हणाले, "आम्ही तुम्हाला नेमकी कोणती सेवा दिली?"

"बसायला जागा दिलीत."

"असा रकाना नाही हो आमच्याकडे."

"मग राहू द्या. सगळंच काय मोजता?" काकू हसत उठल्या. ती बाईही उठली. उठताना तिने हात टेकला तो बाकावर. मी पाहत होते. मग जाताना तिची बोटे माझ्या निखळलेल्या हातावरून ओझरती गेली. धक्का लागला असेल, म्हणाल तुम्ही. मी तसे म्हणणार नाही.

मास्तर बराच वेळ आमच्या दोघांसमोर उभे होते. शेवटी त्यांनी पेन खिशातच राहू दिले. ती सेवा कुठल्याच अहवालात गेली नाही. ती माझी होती. बरे, निम्मी माझी होती. दुसऱ्या निम्म्याबद्दल मला अजून वाईट वाटते.

मित्रांनो, आता एकच सांगणे आहे. कुठल्याही कार्यालयात गेलात तर खुर्चीतून उठताना तिला करकर मागे ढकलू नका. उठल्यावर तिच्यावर एकदा हात ठेवा. बाकावर तर सगळेच ठेवतात. आणि तुमच्यापैकी कुणी इकडे आलेच, तर येताना एक हातोडी आणि चार खिळे घेऊन या. माझा उजवा हात ठोकून द्या, म्हणजे माणूस टेकला तर पडणार नाही. एखादा खिळा उरला तर त्या बाकाच्या डाव्या पायालाही ठोका. तो लंगडतो, मला रात्रंदिवस ते जाणवते, आणि तो सांगणार नाही.

पण आधी मला.